झुनी मातीकाम: समजून घ्यावं कसं, करून बघावं कसं, विकत घ्यावं कसं

अमेरिकेतल्या झुनी या आदिवासी जमातीची कुंभारीण नवं भांडं घडवायला बसते तेव्हा तिच्या मातीत एखादं जुनं भांडं आधीच मिसळलेलं असतं. फुटक्या भांड्यांच्या खापऱ्या दगडावर कुटायच्या, बारीक करायच्या आणि ती भुकटी नव्या मातीत मळायची, अशी तिथली जुनी रीत. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते आणि तडकते, म्हणून भुकटी लागतेच. पण त्यामुळे आजीच्या घागरीचे कण नातीच्या घागरीत उतरतात, हेही तितकंच खरं. मी हौसेने मातीच्या वळ्या रचून भांडी करते. झुनी कामाकडे मी वळले ती या एका गोष्टीमुळे.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, अमेरिकेत राहणारे किंवा तिकडे फिरायला जाणारे मराठी लोक. ग्रँड कॅन्यनला जाताना त्यांची गाडी गॅलप गावावरून जाते आणि तिथल्या दुकानात हरणाचं चित्र असलेलं एखादं पांढरं भांडं त्यांना भुरळ घालतं. दुसरे, इकडे घरी हाताने मातीकाम करणारे. दोघांनाही आधी एकच गोष्ट कळायला हवी: हे भांडं कोणत्या क्रमाने तयार होतं. घडवण्याचा क्रम डोक्यात बसला की भांडं पारखणंही जमू लागतं. म्हणून मी त्याच क्रमाने जाणार आहे.

आधी गाव

झुनी प्वेब्लो (प्वेब्लो म्हणजे तिथल्या आदिवासींचं गाव) हे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम टोकाला आहे. गॅलपपासून दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटर, अल्बुकर्कीपासून साधारण २४० किलोमीटर. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच, कोरडा, थंडीत बर्फ पडणारा प्रदेश. हे लोक स्वतःला आशिवी म्हणतात. त्यांच्या भाषेचं जगातल्या कुठल्याच दुसऱ्या भाषेशी नातं सापडलेलं नाही. गावाच्या आग्नेयेला दोवा यालान्ने नावाचा सपाट माथ्याचा भव्य डोंगर उभा आहे. त्याला मक्याचा डोंगर असंही म्हणतात.

पाऊस कमी असलेल्या मुलखात पाणी साठवायचं भांडं म्हणजे घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. झुनी चित्रांत बेडूक, बेडकाची पिल्लं आणि चतुर इतक्या वेळा का येतात, हे त्यावरून समजेल. हे सगळे पाण्याचे जीव आहेत. मक्याचं पीठ ठेवायच्या वाडग्याची कड पायऱ्यापायऱ्यांची असते, त्या पायऱ्या ढगांच्या.

पहिला टप्पा: माती आणणं

१८७९ साली वॉशिंग्टनहून जेम्स आणि मटिल्डा स्टीव्हन्सन हे दांपत्य अभ्यासासाठी झुनीत आलं. मटिल्डाबाईंनी मक्याच्या डोंगरावर माती आणायला जाण्याचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि त्या गेल्या होत्या वीव्हा यांच्याबरोबर. वीव्हा (१८४९–१८९६) या ल्हामाना होत्या, म्हणजे जन्माने पुरुष, पण वेश आणि कामं स्त्रियांची स्वीकारलेल्या. झुनी समाजात या भूमिकेला स्वतःचं स्थान होतं. त्या नावाजलेल्या विणकर आणि कुंभार होत्या. १८८६ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांना भेटल्या. डोंगराजवळ पोचल्यावर मोठ्याने बोलणं बंद होई. खणताना वीव्हा धरणीमातेची प्रार्थना करत. माती म्हणजे तिचं मांस, ते मागूनच घ्यायचं, ही त्यामागची समजूत.

आजही परंपरेने काम करणारे कुंभार स्वतः माती खणतात. ती आणून वाळवायची, फोडायची, पाण्यात भिजवून खडे-मुळं काढायची, मग पुन्हा घट्ट होऊ द्यायची. हे दिवसांचं काम आहे. म्हणून काही जण तयार माती विकत घेतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त विकताना तसं सांगायला हवं.

घरी करणाऱ्यांनी गावच्या कुंभाराकडून माती घ्यावी. शाडू चालेल का, असं मला नेहमी विचारतात. गणपती कच्चाच राहतो, म्हणून त्याला शाडू उत्तम. भांडं भाजायचं असेल तर कुंभाराची माती बरी, कारण ती आगीत टिकते हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं.

दुसरा टप्पा: खापऱ्यांची भुकटी

यावर थोडं थांबते. कारण भांडं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

फुटका माठ किंवा बिनचकाकीची कुंडी घ्या. कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, मग खलबत्त्यात कुटा. रव्याच्या चाळणीने चाळा. अगदी पिठासारखी भुकटी नको आणि बोटाला टोचणारे खडेही नकोत. कुटताना तोंडाला मास्क लावा आणि मध्ये मध्ये पाण्याचा हबका मारा, कारण ही धूळ फुप्फुसांना वाईट. प्रमाण अंदाजाने चार वाट्या मातीला एक वाटी भुकटी. माती फार चिकट असेल तर थोडी वाढवा. ओळखायची खूण सोपी आहे: करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर माती कोरडी आहे किंवा भुकटी जास्त झाली आहे. वळी बोटाला नुसतीच चिकटून लोळत असेल तर भुकटी कमी आहे.

भुकटी आधीच एकदा भाजलेली असते, म्हणून ती पुन्हा आक्रसत नाही. ती मातीत बारीक वाटा ठेवते, त्यांतून वाफ बाहेर पडते. सगळं इतकंच आहे, पण याशिवाय उघड्यावरच्या आगीत भांडं तगणं कठीण.

एक गोष्ट निक्षून सांगते. न्यू मेक्सिकोत फिरताना जमिनीवर रंगीत खापऱ्या दिसल्या तर त्या उचलू नका, आठवण म्हणून एकही नाही. सरकारी आणि आदिवासी जमिनीवरून अशा जुन्या वस्तू नेणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, त्या खापऱ्या तिथल्या लोकांच्या पूर्वजांच्या आहेत.

तिसरा टप्पा: वळ्या रचणं

झुनी भांड्याला चाक लागत नाही. आपल्याकडे कुंभार म्हटलं की चाक डोळ्यांसमोर येतं. इथे ते मनातून काढून टाका.

उथळ वाडग्यात राख भुरभुरवा किंवा ओलसर कापड अंथरा. त्यात भाकरीसारखी थापलेली माती बसवा. हा भांड्याचा बूड. आता बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करा आणि काठावर एकेक चढवा. प्रत्येक वळी आतून खाली आणि बाहेरून वर अशी चिमटून जोडा, सांध्याची रेघ पूर्ण मिटली पाहिजे. चार-पाच वळ्या झाल्या की थांबा. खालचा भाग थोडा घट्ट झाल्यावरच पुढे रचा, नाहीतर पोट खाली बसतं. घाई करणाऱ्यांची भांडी नेहमी ठेंगणी आणि रुंद होतात, माझीही बरीच वर्षं व्हायची.

भिंत पातळ आणि गोल करायला प्वेब्लो कुंभार भोपळ्याच्या वाळक्या कवचाचा तुकडा वापरतात. आपल्याकडे पिकून वाळलेल्या दुधीचं कवच मिळतं, त्याचा तळहाताएवढा गोलसर तुकडा कापून कडा घासून घ्या. आतून तो फिरवत बाहेरून दुसऱ्या हाताने आधार द्यायचा. एकदा हाताला सवय झाली की प्लॅस्टिकची पट्टी हातात धरवत नाही.

मग सावलीत वाळवणं. पंख्याखाली नको, उन्हात नको. काठ लवकर वाळतो, म्हणून त्यावर ओलसर फडकं ठेवा.

चौथा टप्पा: पांढरा लेप आणि घोटणं

वाळलेलं भांडं घासून गुळगुळीत करायचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा. झुनीत यासाठी केओलिन, म्हणजे चिनी मातीच्या जातीची पांढरी माती वापरतात. एक जाड हात देऊ नका, तो पापुद्र्यासारखा सुटतो. दुधाएवढा पातळ लेप, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी मागचा सुकल्यावर. शेवटचा लेप किंचित ओलसर असताना नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटा. चमक या घोटण्याने येते, कसल्याही चकाकीच्या रसायनाने नाही. खरेदी करताना भांडं उजेडात तिरकं धरून पाहा. गोट्याचे बारीक पट्टे दिसले तर हाताची मेहनत समजते.

पाचवा टप्पा: चित्र

परंपरेने कुंचला युक्का या झाडाच्या पानाचा. पानाची अरुंद पट्टी कापून तिचं टोक चावायचं. गर निघून जातो, तंतू उरतात. हवी तेवढी जाडी ठेवून बाकीचे तंतू काढायचे. काळा-तपकिरी रंग लोखंडयुक्त दगड उगाळून, त्यात बीवीड नावाची रानभाजी उकळून आटवलेला घट्ट अर्क मिसळून होतो. लाल रंग म्हणजे आपला गेरूच. आपल्याकडे युक्का मिळाला नाही तर घायपाताच्या पानावर प्रयोग करा, पण त्याचा कच्चा रस अंगाला खाजतो, म्हणून आधी उकळून घ्या आणि चावण्याऐवजी दगडाने ठेचा. रंगांत घरी गेरूवर थांबावं असं माझं मत आहे. काळ्यासाठी खनिजांच्या भुकट्या हाताळण्यापेक्षा दुकानातला मातीकामाचा तयार रंग घ्या.

झुनी घागरीत मान आणि पोट यांची चित्रं वेगळी असतात, मध्ये रेघ. पोटावर बहुधा मोठी गोल फुलं, त्यांच्या शेजारी कमानीसारख्या वेलबुट्टीखाली उभं हरीण. त्या कमानीला हरणाचं घर म्हणतात. हरणाच्या तोंडापासून हृदयापर्यंत लाल रेघ जाते आणि बाणाच्या टोकाने संपते. ती श्वासाची, प्राणाची वाट. इतर ठिकाणी समांतर बारीक रेघांनी भरलेल्या गुंडाळ्या दिसतील.

१९२४ साली रूथ बन्झेल नावाची तरुण अभ्यासक झुनीत आली आणि नुसती बघत न बसता स्वतः मातीकाम शिकायला बसली. तिला शिकवणाऱ्यांत कॅटलिना झुनी होत्या, ज्या गावच्या शाळेत मुलींना मातीकाम शिकवत. बन्झेलने एक लहानशी गोष्ट टिपली: भांड्याभोवतीची आडवी रेघ पूर्ण जोडत नाहीत, एके जागी फट ठेवतात. ती रेघ म्हणजे वाट, आणि ती कुंभारणीच्या आयुष्याच्या वाटेशी जोडलेली. जुनी झुनी घागर हातात आली तर ती फट शोधा. मी संग्रहालयाच्या काचेबाहेर उभी राहून ती शोधते.

आता घरी करणाऱ्यांना एक विनंती. तंत्र घ्या, पण लाल रेघेचं हरीण घेऊ नका. ते त्या लोकांच्या प्रार्थनेचा भाग आहे आणि त्यावर अनेक घरांची रोजीरोटी आहे. आपल्याकडे काय कमी आहे? वारलीही उचलू नका, तीही कुणाची तरी आहे. तुमच्या अंगणातली जास्वंद, पागोळ्या, चिमणी काढा. पहिल्या भांड्यावर चिमणी नीट आली नाही तरी ती तुमची असेल.

सहावा टप्पा: भाजणं

अभ्यासक फ्रँक कशिंग १८७९ ते १८८४ झुनीत राहिले. त्यांनी लिहून ठेवलंय की भांडं रंगवताना आणि भाजताना बायका हसणं, गाणं, शीळ घालणं टाळत. आवाज भांड्यात शिरतो आणि आगीत बाहेर पडताना भांडं फोडतो, अशी समजूत. भाजताना भांडं फुटल्याचा ठणका ज्याने ऐकलाय, त्याला ही समजूत पटायला वेळ लागणार नाही.

परंपरेने झुनीत मेंढ्यांच्या लेंड्यांचे वाळलेले थर जळण म्हणून वापरतात. इथे मात्र आपण परके नाही. आपल्या कुंभाराचा आवा, म्हणजे त्याची भट्टी, हाही गोवऱ्यांवर चालतो. आज बरेच झुनी कुंभार विजेची भट्टी वापरतात. त्याचं कारण व्यावहारिक आहे: उघड्या आगीत वाऱ्याची एक झुळूक महिन्याची मेहनत काळी करते.

घरी करायचं तर गच्चीवर नाही, मोकळ्या रानात, वारा नसलेल्या सकाळी, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून. भांडं पूर्ण वाळलेलं हवं. गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. आधी ते आगीजवळ ठेवून दोन-तीन तास फिरवत फिरवत तापवा. आतलं पाणी १०० अंशांना वाफ होतं, आणि वाफेला वाट मिळाली नाही तर भांडं फुटतं. माझं पहिलं भांडं असंच गेलं, मी एक दिवस थांबले नाही म्हणून. मग दगडांवर लोखंडी जाळी, त्यावर भांडं पालथं, भोवती मोठ्या खापऱ्या किंवा पत्रे, म्हणजे गोवरी भांड्याला थेट टेकत नाही. वरून गोवऱ्यांचा घुमट. खालून हळू पेटवा आणि एकदा घुमट पेटला की हात लावू नका. अशी आग साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. सुमारे ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होत नाही. राख पूर्ण निवेपर्यंत थांबा. ५७३ अंशांवर मातीतली गारगोटी आकार बदलते, त्यामुळे गरम भांड्याला अचानक गार हवा लागली तर ते तडकतं.

कुणाचे हात

१८८१ मध्ये रेल्वे गॅलपपर्यंत आली. पत्र्याच्या बादल्या, चिनी मातीच्या बश्या आल्या, आणि पुढे चांदी-फिरोजाचे दागिने घडवण्यात जास्त मिळकत दिसू लागली. स्टीव्हन्सन यांच्यासारख्यांनी जुन्या वस्तू हजारोंनी पूर्वेकडच्या संग्रहालयांत नेल्या. विसाव्या शतकात मातीकाम करणारी घरं कमी होत गेली. त्या काळातही त्सायुतित्सा यांच्यासारख्या कुंभारीण प्रचंड मोठ्या, निर्दोष घागरी करत होत्या.

पुनरुज्जीवनाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती शाळेत घडली. १९७० च्या दशकात झुनी हायस्कुलात डेझी हूई शिकवत होत्या. त्या जन्माने झुनी नव्हत्या. होपी या दुसऱ्या जमातीच्या मुलखातल्या प्रख्यात कुंभारीण नाम्पेयो यांची ती नात, लग्नाने झुनीत आलेली. त्यांच्यानंतर जेनी लाते आल्या, त्या जन्माने अकोमा या दुसऱ्या प्वेब्लोच्या, लग्नाने झुनीच्या. दोन सुनांनी गावच्या मुलांना गावचीच कला परत शिकवली. अँडरसन पेनेत्सा, नोरीन सिम्प्लिसिओ हे लाते यांच्या वर्गातून पुढे आले. पुढे गॅब्रिएल पालोमा यांनीही त्या शाळेत शिकवलं.

दुसरी वाट घराघरांतून गेली. जोसेफीन नाहोहाय यांच्याकडून त्यांच्या मुलांकडे, रँडी आणि मिल्फर्ड यांच्याकडे. नेली बिका यांच्याकडून क्वानिटा कालेस्तेवा यांच्याकडे. या घराची घुबडं प्रसिद्ध आहेत. मातीचं घुबड घरात ठेवतात, ते रात्री राखण करतं. आयलीन यात्सात्ती यांनी स्वतः खणलेली माती आणि उघड्या आगीचं भाजणं जपलं. एकेकाळी हे बहुतांशी बायकांचं काम होतं. आज पुरुषही ते करतात.

विकत घेताना

शक्यतो झुनीतच जा. आधी गावच्या माहिती केंद्रात थांबा, फोटोची परवानगी घ्या, तिथले नियम ऐका. धार्मिक नृत्य चालू असेल तर मोबाईल खिशातच ठेवा, चित्रही काढू नका. आशिवी आवान संग्रहालय पाहून मगच खरेदीला जा, डोळा तयार होतो.

भांडं हातात घेताना दोन्ही हातांनी पोटाला धरा, काठाला कधीही नाही. आत बोट फिरवा. हाताने घडवलेल्या भांड्यात किंचित चढउतार लागतात. आतून काचेसारखं एकसारखं असेल किंवा उभा सांधा दिसला तर ते साच्यातलं तयार भांडं असू शकतं, ज्यावर फक्त चित्र काढलेलं असतं. बाहेर धुराचे पुसट ढग दिसले तर उघड्या आगीत भाजलेलं. शुभ्र, निष्कलंक असेल तर बहुधा विजेच्या भट्टीतलं. मला दोन्ही आवडतात, पण किंमत सारखी नसावी.

हरीण दिसलं म्हणजे झुनी, असं समजू नका. अकोमाच्या ल्यूसी लुईस यांनीही हे हरीण काढलं आणि तिथे ते रुळलं. अकोमाच्या भिंती सहसा जास्त पातळ असतात. बुडाशी सही आणि गावाचं नाव पाहा. जुन्या भांड्यांवर सही नसते, ते संशयाचं कारण नाही. आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं १९९० च्या अमेरिकन कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पावतीवर कलाकाराचं नाव आणि जमात लिहून मागायला संकोच करू नका. पूजेतल्या किंवा फार जुन्या वस्तू घेऊच नका. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बेकायदा मिळवलेल्या अशा वारशाच्या वस्तू अमेरिकेबाहेर नेण्यावर बंदी आहे. विक्रीसाठी केलेल्या आजच्या भांड्यांना ती अडचण नाही.

घरी आणल्यावर त्यात पाणी भरू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, लेप निघतो. मऊ कोरडा कुंचला पुरे. आणि घेताना कलाकार समोर असतील तर त्यांना एवढं जरूर विचारा: माती कुठली, भाजलं कशात, आणि तुम्ही कुणाकडून शिकलात? तिन्ही उत्तरं, नाव आणि वर्ष एका चिठ्ठीवर लिहून ती भांड्यातच ठेवा.